दोषाचा रकाना

वर्षातून दोनदा आमच्याकडची शाळेतली पोरं स्वतःचे दोष लिहून देतात. एकदा टेटच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाआधी आणि एकदा मे महिन्यात, वर्ष संपताना. छापील कागद असतो, चार रकान्यांचा. गुण, दोष, सुधारणेची दिशा आणि शेवटी वर्तनाची श्रेणी, जी आधी स्वतःच स्वतःला द्यायची. खाली आईबापाची सही. ऐकणाऱ्याला वाटेल, पोरांना केवढा विचार करावा लागत असेल. कसला विचार? वर्गप्रमुख फळ्यावर दोन दोष लिहून देते, 'कधीकधी वर्गात बोलतो' आणि 'कधीकधी गृहपाठ उशिरा देतो', अडतीस पोरं ते उतरवून घेतात आणि पाच मिनिटांत मोकळी होतात. वर्षभर ज्याच्या तोंडून कुणी शब्द ऐकला नाही असा एक पोरगा होता, तोही कधीकधी वर्गात बोलायचा. मग बाई गठ्ठा बांधून कपाटात टाकत आणि पुढच्या टेटपर्यंत सगळे पुन्हा निर्दोष.

थोआसुद्धा आठवीपर्यंत तेच उतरवत आली. सहीसाठी कागद बापासमोर धरायची. तिचा बाप बिन्ह मात्र तो नीट वाचायचा, कारण असले कागद लिहिण्यात त्याचा हात मुरलेला होता. आधी सैन्यात आणि मग मिठाच्या सहकारी आगरात त्यानं ते ढिगानं लिहिले होते. दर वेळी सही करताना तो एकच सांगायचा, की दोष आपलाच लिहावा आणि असा लिहावा की त्याची झळ दुसऱ्या कुणाला लागणार नाही. थोआनं त्यातलं पहिलं अर्धंच लक्षात ठेवलं. दुसऱ्या अर्ध्याची तिला कधी गरजच पडली नव्हती.

गणित या पोरीला यायचं. म्हणजे नुसते गुण मिळायचे असं नाही, तिला ते दिसायचं. प्रांताच्या शहरात निवडक मुलांची एक सरकारी शाळा आहे, तिथं गणिताचा वेगळा वर्ग आहे आणि नववीनंतर त्याची परीक्षा असते. आमच्या मिठागराच्या गावातून तोवर कुणी तिथं गेलं नव्हतं. थोआला जायचं होतं. सहावीत असताना तिनं हे घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आई म्हणाली, आधी जेवून घे. नंतर मात्र आईनंच चार बायकांत सांगितलं, आणि मग गाव तिला 'शहरवाली' म्हणून चिडवायला लागलं. परीक्षेला बसायला दोन गोष्टी लागायच्या. एक गुण, त्याची काळजी नव्हती. दुसरी, सहावी ते नववी चारही वर्षं वर्तनाची श्रेणी निदान 'चांगली' असायला हवी. 'साधारण' लागली तर अर्जच घेत नाहीत. त्याचीही कुणाला काळजी नव्हती. वर्तन म्हणजे काय, ते सगळ्यांचंच उत्तम असतं.

सुट्टीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. जून ते ऑगस्ट शाळा बंद असते. दुसरीकडची पोरं तेव्हा झोपतात, मामाकडे जातात. आमच्याकडे सुट्टी म्हणजे मीठ. लाओसकडून डोंगर उतरून येणारा तो भाजून काढणारा वारा मे महिन्यात सुटतो, नेमका त्याच दिवसांत भरात येतो आणि त्याच्यावाचून मीठ धरत नाही. पहाटे खारी रेती जमिनीवर पसरायची, सुकली की गोळा करून गाळणीच्या खड्ड्यात टाकायची, वरून समुद्राचं पाणी ओतायचं, खाली जे दाट पाणी ठिबकतं ते वाफ्यांत सोडायचं आणि तिसऱ्या प्रहरी मीठ ओढून ढीग घालायचे. आभाळ दाटलं तर जेवणावरून उठून धावायचं. थोआच्या टाचांना या तीन महिन्यांत भेगा पडायच्या आणि त्यात खारं पाणी शिरायचं. शाळा पोरांना सुट्टीसाठी आणखी एक चिठ्ठी देते. गावच्या युवक संघाच्या किती कार्यक्रमांना गेलात, ढोलाच्या तालमीला गेलात का, सफाईला गेलात का. मिठागरातलं एक पोर ढोलाजवळ फिरकत नाही. संघाचा वाडीतला सचिव टीव्हीवर फुटबॉल बघता बघता सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर 'उत्साहाने भाग घेतला' लिहितो आणि सही ठोकतो.

त्याच तीन महिन्यांत तुयेत बाईंच्या घरच्या पडवीत गणिताचा वर्ग भरायचा. तुयेत बाई थोआच्या वर्गशिक्षिका, गणितही त्याच शिकवायच्या. आपल्याच वर्गातल्या पोरांची घरी शिकवणी घ्यायची नाही असा वरून हुकूम होता, म्हणून बाई तिला शिकवणी म्हणत नसत, उजळणी म्हणत. बाई वाईट नव्हत्या. शिकवायच्या छान, रागवायच्या कमी, आणि पगारात भागत नाही हे गावाला ठाऊक होतं, बाईंनाही, हुकूम काढणाऱ्यांनाही. पण गंमत अशी, की पुढच्या इयत्तेचं अर्धं पुस्तक त्या पडवीतच संपायचं. सप्टेंबरमध्ये शाळा उघडली की बाई फळ्यावर दोन ओळी लिहून म्हणायच्या, हे तर आपण उन्हाळ्यात केलंय, आणि पुढच्या पानावर जायच्या. ज्यांनी उन्हाळ्यात मीठ ओढलं ते फळ्याकडे बघत बसायचे.

थोआ बघत बसली नाही, त्याचं कारण क्वेन. क्वेन वर्गप्रमुख, थोआच्या बाकावर बसणारी. तिच्या बापाचं सिमेंटचं दुकान, त्यामुळे पडवीतल्या पहिल्या रांगेत तिची जागा पक्की. तिची वही सुंदर असायची, हिरव्या शाईत मथळे, लाल शाईत उत्तरं, आणि तिला त्यातलं निम्मं कळायचं नाही. दोघींचा व्यवहार आपोआप ठरला. क्वेन आठवड्यातून दोनदा सायकलवरून वही घेऊन मिठागरात यायची. थोआ ती दुपारी गाळणीवरच्या छपराच्या सावलीत वाचायची, गणितं सोडवायची आणि मग क्वेनला समजावून सांगायची. रेतीत आकृत्या काढायची. क्वेन म्हणायची, बाईंपेक्षा तूच बरं सांगतेस. दोघींना यात वावगं काही वाटलं नाही आणि वाटायचं कारणही नव्हतं.

नववीच्या मार्चमध्ये आणि मग एप्रिलमध्ये पंचेचाळीस मिनिटांच्या दोन चाचण्या झाल्या. दोन्हीतली गणितं क्वेनच्या वहीतली होती, आकडेसुद्धा बदलले नव्हते. तेवीस जणांना दहापैकी दहा मिळाले. काटकोन कोणता हे ज्यांना बोट दाखवून सांगावं लागायचं, त्यांनाही. थोआलाही दहाच. इथं तिला राग आला. इतरांना फुकट मिळाले याचा नव्हे. आपला दहा त्यांच्या दहासारखा दिसतो, याचा. बाकी वर्षभर तिनं मिळवलेले सगळे दहा त्या दोन दहांनी मळले असं तिला वाटलं. पुढे गावातल्या काही लोकांनी याला प्रामाणिकपणा म्हटलं. मी तिला लहानपणापासून बघत आलोय, तो गर्व होता. पण गर्व करण्याजोगं तिच्याकडे होतं, आणि ते दुसरं काहीच नव्हतं.

मे महिन्यात उपमुख्याध्यापक झेंड्याच्या ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, यंदा जिल्ह्याची माणसं तपासणीला येणार आहेत, ती आत्मपरीक्षणाचे कागदही बघतील, तेव्हा फळ्यावरून उतरवलेलं चालणार नाही. प्रत्येकानं स्वतःच्या शब्दांत लिहायचं. वर्षभरात काय शिकलात, सुट्टी कशी घालवलीत, माणूस म्हणून किती वाढलात. आणि नववीच्या वर्गांनी आपापला कागद वर्गात उभं राहून वाचायचा, मग वर्गानं हात वर करून श्रेणी ठरवायची. पोरांना त्याचा अर्थ बरोबर कळला. क्वेननं त्या दिवशी एकाऐवजी चार नमुने लिहून दिले आणि ज्याला जो आवडेल तो घ्या म्हणाली.

थोआनं एकही घेतला नाही. तिनं लिहिलं, आणि तिचे शब्द मला पाठ आहेत, कारण नंतर ते गावात बऱ्याच जणांना पाठ झाले: 'मार्च आणि एप्रिलच्या चाचण्यांत मला दहा गुण मिळाले. ती गणितं बाईंच्या घरच्या उजळणीत आधी झाली होती आणि मी ती क्वेनच्या वहीत पाहिली होती. ते दोन दहा माझे नाहीत. बाकीचे माझे आहेत. सुट्टीत मी ढोलाच्या तालमीला गेले नाही, मीठ ओढलं. गाळणीच्या सावलीत बसून मी नववीची भूमिती शिकले. मला ती शाळेपेक्षा तिथं जास्त कळली.' सुधारणेच्या रकान्यात तिनं लिहिलं, की पुढं न पाहिलेली गणितं सोडवीन. श्रेणीत लिहिलं, उत्तम.

सहीच्या वेळी नेमकं आभाळ भरून आलं. वाफ्यांत दिवसाचं मीठ पडलेलं. बिन्हनं आयुष्यात पहिल्यांदा कागद न वाचता मांडीवर घेतला, ओल्या हातानं सही केली आणि मीठ ओढायची फळी उचलून धावला. मीठ वाचलं.

कागद गोळा करायचं काम क्वेनचं. तिनं थोआचा कागद वाचला आणि त्यात तिला स्वतःचं नाव दिसलं. ती तो घेऊन आधी दुसऱ्या एका मैत्रिणीकडे गेली, मग बाईंकडे. पण मैत्रिणीकडे आधी गेली, आणि तेवढं पुरलं. दुपारच्या सुट्टीपर्यंत वर्गाला कळलं, शाळा सुटेपर्यंत उपमुख्याध्यापकांना. त्यांनी तुयेत बाईंना बोलावून विचारलं, तुमच्या घरी शिकवणी चालते असं कुण्या पोरीनं लिहून दिलंय म्हणे? बाई घाबरल्या. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे पहिलं निघतं ते निघालं. त्या म्हणाल्या, पोरगी हुशार आहे पण मत्सरी आहे, तिनं क्वेनची वही न विचारता घेतली आणि पकडली जाईल या भीतीनं हे रचलं.

संध्याकाळी बाई स्कूटरवरून थोआच्या घरी आल्या. थोआच्या आईनं हिरव्या चहाची पानं उकळली, पण नेहमीसारखी शेजाऱ्यांना चहाला हाक मारली नाही. बाईंनी कागद जमिनीवर ठेवला आणि बिन्हला आधी तो वाचू दिला. वाचून झाल्यावर तो पोरीकडे न बघता आपल्याच सहीकडे बघत राहिला.

"यातलं एक अक्षर खोटं नाही, थोआ," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मी स्वतः आलेय. खोटं असतं तर मी शाळेतच फाडून टाकलं असतं."

मग त्यांनी उपमुख्याध्यापकांना काय सांगितलं तेही लपवलं नाही. तोंडून निघून गेलं, म्हणाल्या, आता मागं घेता येत नाही. तपासणीत हे वर आलं तर माझी बदली डोंगरात होईल, नोकरीही जाईल, आणि वर्गाचं शेवटच्या महिन्यात काय होईल? थोआनं दुसरा कागद लिहून द्यावा. त्यात इतकंच, की वही न विचारता घेतली आणि शिकवणीचं रागाच्या भरात लिहिलं. बिन्हनं फक्त एक विचारलं, वर्तनाचं काय.

"उत्तम नाही देता येणार, बिन्हभाऊ. चांगलं देते. परीक्षेला तेवढं चालतं. श्रेणी शेवटी वर्गशिक्षकाच्याच हातात असते, वर्ग नुसता हात वर करतो."

बाई गेल्यावर थोआ म्हणाली, "मी चोरली नाही वही. तिनंच आणून दिली. तुमच्यासमोर द्यायची ती."

"मला माहितीये."

"मग कशाला लिहू?"

"कागद आहे पोरी तो," बिन्ह म्हणाला. "आगरात एका साली अवेळी पाऊस झाला आणि सगळ्यांचं मीठ वाहून गेलं. बैठकीत कुणीतरी चूक कबूल करायलाच हवी होती. मी लिहून दिलं, माझ्या आळसानं मीठ भिजलं. पाऊस काय मी पाडला होता? लिहिलं, सही केली, घरी येऊन जेवलो. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. उलट पुढच्या साली मलाच टोळीप्रमुख केलं."

थोआनं कागद घेतला आणि बाईंनी सांगितलं तेवढंच लिहिलं. तीन ओळी. बिन्हनं या वेळी तो नीट वाचला, दोनदा वाचला आणि मान हलवली. हे तुटक आहे म्हणाला. अशानं वाटतं, माणूस अजून अडून बसलाय. तो आयुष्यभरात जे शिकला होता ते हे होतं, की बैठकीत स्वतःला जितकं झोडपावं तितकं दुसरे कमी झोडपतात. आपण दोन काठ्या मारून घेतल्या तर ते चार मारतात, आपण दहा मारून घेतल्या तर तेच उठून हात धरतात. आमच्याकडच्या त्याच्या वयाच्या सगळ्या माणसांना हे ठाऊक आहे, आणि बैठकीत ते खरंही होतं. शाळेत वर्तनाची श्रेणी असते हे त्याला ठाऊक होतं, पण श्रेणीला दया येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

तो सांगत गेला आणि ती लिहीत गेली. 'न विचारता घेतली' खोडून 'चोरली' लिहायला लावलं. पुढे घातलं, की माझा स्वभाव मत्सरी आहे, जे सुट्टीत शिकू शकतात त्यांचा मी हेवा करते. मी माझ्या शिक्षिकेवर खोटा आळ घेतला. मला गणित येत नाही, मी चोरलेल्या वहीतून उतरवलं. या शेवटच्या वाक्याला थोआ अडली. बापाला म्हणाली, हे नको, हे राहू द्या. तो म्हणाला, अगं हेच तर मुख्य आहे, याच्याशिवाय बाकीचं कोण मानेल? तिनं लिहिलं. लिहिताना रडली नाही. तिचा बापावर विश्वास होता, आणि त्याला वाटत होतं की आपण पोरीला वाचवतोय. त्यानं ठसठशीत सही केली.

नववीची बैठक शनिवारी शेवटच्या तासाला झाली. उपमुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले होते. एकेक जण उठून वाचत होतं, कधीकधी बोलत होतं, कधीकधी उशीर करत होतं. क्वेन फळ्यापाशी वही घेऊन उभी, वर्गप्रमुख म्हणून हात मोजायचं काम तिचं. 'उत्तम' म्हटलं की अडतीस हात वर, लिहिलं, पुढचा.

थोआची पाळी आली. ती सरळ उभी राहिली, गळ्यातल्या शाळेच्या लाल रुमालाची गाठ नीट केली आणि सगळं वाचलं, अडखळली नाही. 'चोरली' हा शब्द आला तेव्हा तुयेत बाईंनी झटकन मान वर केली. त्यांनी हे सांगितलं नव्हतं. क्वेनच्या हातातली पेन्सिल थांबली. मागचे दोन पोरगे हसले आणि गप्प झाले.

बाईंनी पटकन सांगितलं, हिनं मनापासून कबूल केलंय, 'चांगलं' द्यायला हरकत नाही. त्यांनी शब्द पाळायचा प्रयत्न केला, एवढं त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. पण मागून उपमुख्याध्यापक उठले. ते काही ओरडणारे गृहस्थ नव्हते. शांतपणे म्हणाले, "चोरी आणि शिक्षकावर खोटा आळ. हे मी म्हणत नाही, तिनं स्वतः लिहिलंय, खाली वडिलांची सही आहे. याला 'चांगलं' म्हटलं तर 'साधारण' कशाला म्हणायचं ते मला सांगा. वर्गानं ठरवावं."

'साधारण' म्हणणाऱ्यांनी हात वर करावेत, असं वर्गप्रमुखानं म्हणायचं असतं आणि पहिला हात तिनंच करायचा असतो. क्वेननं बाईंकडे पाहिलं. बाई हजेरीपटात बघत होत्या. हजेरी सकाळीच झाली होती. क्वेननं थोआकडे पाहिलं नाही. तिनं ते वाक्य म्हटलं आणि हात वर केला. मग बाकीचे गेले. तीन हात वर आले नाहीत, त्यातला एक पोरगा झोपला होता. क्वेननं मोजून पस्तीस लिहिले, आणि ते लिहिताना तिनं स्वतःलाही मोजलं.

थोआ घरी आली तेव्हा बिन्ह मिठाच्या ढिगांवर पेंढा अंथरत होता. तिनं सांगितलं, साधारण. तो म्हणाला, नाही, चांगलं म्हणाल्या होत्या बाई. ती म्हणाली, साधारण. तो पुढे पेंढा अंथरत राहिला, ज्या ढिगावर आधीच अंथरला होता त्याच्यावरच. सोमवारी इस्त्रीचा सदरा घालून तो शाळेत गेला. उपमुख्याध्यापकांनी त्याला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, कागद पुढे ठेवला आणि विचारलं, यातलं खोटं काय आहे ते सांगा, मी आत्ता बदलतो. तो काय सांगणार होता? खोटा आळ घेतला हे खोटं म्हणावं तर बाई जातात, चोरी खोटी म्हणावी तर खाली आपलीच सही. तो चहा पिऊन परत आला. तपासणीची माणसं नंतर आली आणि त्यांनी कपाट उघडलंसुद्धा नाही. मुख्याध्यापकांकडे खेकडे खाऊन गेली.

थोआचा अर्ज शाळेनं पाठवला नाही. गावाजवळच्या साध्या शाळेत तिला प्रवेश मिळणार होता, तिथं कुणालाही मिळतो. तिची आई म्हणायची, शिकायचं तिथंही शिकता येतं. थोआनं काही भांडण केलं नाही. सुट्टी लागली तशी ती मिठागरात जायला लागली, आणि दुपारी गाळणीच्या सावलीत बाकीच्या बायकांसारखी आडवी होऊन टोपी तोंडावर घ्यायला लागली. 'शहरवाली' म्हणून चिडवणं लोकांनी आपणहून बंद केलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

शहरातल्या परीक्षेला आठ दिवस राहिले असताना क्वेन आली. यंदा गावातून अर्ज तिचाच गेला होता. सायकल बांधावर लावून ती बराच वेळ तिथंच उभी राहिली, मग खाली उतरली. हातात वही नव्हती. काठी घेऊन तिनं रेतीत एक वर्तुळ काढलं, त्यात त्रिकोण, बाहेर एक बिंदू. पडवीत हे गणित बाईंनी तीनदा सांगितलं, म्हणाली, पण तिच्या डोक्यात शिरत नाही, आणि असलं एक गणित परीक्षेत दर साली येतं.

थोआनं आकृतीकडे पाहिलं. त्या बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला टेकणारी एक रेघ काढली की पुढचं सगळं सुटत होतं. ती रेघ तिला क्वेनची काठी थांबायच्या आधीच दिसली होती.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"येतं गं तुला. तूच तर मला..."

"मी तुझी वही चोरून उतरवायचे. पस्तीस हात तूच मोजलेस ना?"

"वर्गप्रमुखानं पहिला करावाच लागतो हात," क्वेन म्हणाली. "बाई बघत नव्हत्या माझ्याकडे. मी काय करू शकत होते, सांग तू?"

थोआनं टाचेच्या भेगेतली रेती काढायला घेतली. क्वेन बांध चढून गेली आणि सायकल घेऊन निघाली. वारा तोंडावर होता, त्यामुळे दूरपर्यंत ती उतरून सायकल ढकलत चाललेली दिसत होती.

दोन वाफे सोडून बिन्ह फळीनं मीठ ओढत होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो हळूहळू जवळ आला, रेतीतल्या आकृतीपाशी थांबला आणि तिच्यातलं काही समजत नसतानाही तिच्याकडे बघत राहिला. त्याला थोआला काहीतरी विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. शेवटी त्यानं विचारलं.

"पोरी, खरंच येत नव्हतं का तुला?"

थोआनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.